दांडी आत गेल्यानंतर

हुपरीला आमच्या घरी सोप्यातच चांदीचं काम चालायचं. पैंजणाची कडी जोडायची झाली की आबा आधी टाकणखार उगाळायचे. घरात त्याला सवागी म्हणत. दगडावर थोडं पाणी, त्यात खडा फिरवायचा आणि तयार होणारं दुधाळ पाणी कुंचल्यानं सांध्यावर लावायचं. मग ज्योत. पहिल्यांदा तो टाकणखार फुगायचा, त्याची पांढरी लाही व्हायची. ज्योत तशीच धरली की लाही बसायची आणि सांध्यावर काचेसारखं पातळ पाणी पसरायचं. त्या पाण्याखाली चांदी एकदम लख्ख दिसे, कारण तिच्यावरचा काळपट थर त्यानं पिऊन टाकलेला असे. "आता बघ, डाख पळंल," आबा म्हणायचे. डाखाचा, म्हणजे सांधा भरणाऱ्या मिश्रधातूचा, तेवढासा तुकडा क्षणभर चमकून सांध्यात शिरायचा आणि आबा ज्योत बाजूला घ्यायचे. अर्धा सेकंद उशीर झाला तर कडीसुद्धा बसली असती.

त्या काचेच्या पाण्यात बोरॉनचा ऑक्साइड असतो. आज माझा बराचसा दिवस त्याच्याच समीकरणांत जातो. फक्त सांधा पैंजणाचा नसतो आणि ज्योत विझवायला कुणी नसतं.

अणुभट्टीतलं पाणी संपलं, इंधनाचा गाभा उघडा पडला, तर पुढच्या काही तासांत आत काय काय घडेल याचं गणित मांडणाऱ्या संगणकीय प्रणाली असतात. आम्ही त्यांना नुसतं 'कोड' म्हणतो. अमेरिकेतला मेलकोर, युरोपातला अ‍ॅस्टेक, ही त्यातली मोठी नावं. अशा कोडमध्ये गाभ्याचे आडवे-उभे तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्यातलं तापमान, वाफ, धातू, ऑक्साइड यांचा हिशेब क्षणाक्षणाला पुढे सरकत असतो. या एवढ्या पसाऱ्यात मी एका कोपऱ्यात बसलेली आहे: कंट्रोल रॉडच्या आतला माल तापला, वाफेला उघडा पडला, तर तो कसा जळतो.

कंट्रोल रॉड म्हणजे भट्टीचा ब्रेक, असं शाळेत शिकवतात. न्यूट्रॉन गिळणारा माल आत भरलेली दांडी. ती आत सरकवली की साखळी अभिक्रिया थांबते. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा फुकुशिमा दाइइचीच्या चालू असलेल्या तिन्ही भट्ट्यांत नेमकं हेच झालं. पहिल्या भट्टीत इंधनाचे ४०० जुडगे होते आणि त्यांच्या मधल्या फटींत खालून वर सरकणाऱ्या, अधिकच्या चिन्हासारख्या आकाराच्या ९७ दांड्या. काही सेकंदांत सगळ्या आत गेल्या. साखळी थांबली. दांड्यांनी आपलं काम चोख केलं.

पण विखंडनातून जन्मलेली अणुकेंद्रकं नंतरही तापत राहतात. भट्टी बंद झाल्या क्षणी मूळ औष्णिक शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता उरते, तासाभरानं दीड टक्क्याच्या आसपास. पहिल्या भट्टीची औष्णिक शक्ती १,३८० मेगावॅट होती, म्हणजे तासाभरानंतरही वीसेक मेगावॅटची शेगडी आत पेटलेलीच. सुमारे पन्नास मिनिटांनी सुनामी आली, वीज गेली, पाणी फिरवणारं काही उरलं नाही. अपघाताच्या बहुतेक वर्णनांत कंट्रोल रॉडचा उल्लेख 'दांड्या आत गेल्या' या वाक्याशी संपतो. नंतर इंधन, त्याच्या नळ्यांचं झिर्कलॉय (झिरकोनियमचा मिश्रधातू), हायड्रोजन, स्फोट. दांडीचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. मला वाटतं, तिची खरी गोष्ट तिथून सुरू होते.

फुकुशिमाच्या दांड्यांत बोरॉन कार्बाइड होतं. काळी, अतिशय कठीण भुकटी, स्टेनलेस स्टीलच्या बारीक नळ्यांत ठासून भरलेली. बोरॉन कार्बाइड वितळतं साधारण २,४५० अंश सेल्सियसला. स्टील साधारण १,४५० ला. त्यामुळे कुणालाही वाटेल की दांडी निदान १,४५० अंशांपर्यंत उभी राहील. ती राहत नाही. ही दोन एकमेकांना चिकटून तापली की १,२०० ते १,२५० अंशांच्या आसपासच त्यांचा रस होऊ लागतो.

यात नवल वाटायचं कारण नाही, हे हुपरीतलं पोरगंही सांगेल. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते, तांबं १,०८५ ला. पण ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबं एकत्र केलं तर तो मेळ ७७९ अंशांनाच पाणी होतो. दोघांपैकी एकालाही जे एकट्यानं जमत नाही ते जोडीनं जमतं. डाख याच आधारावर चालतो. त्यात जस्त घालून तो आणखी खाली आणतात, म्हणून तर कडी न वितळता सांधा भरतो. मी पहिल्यांदा बोरॉन आणि लोखंडाचा आलेख पाहिला, तेव्हा त्यातली ती खाली उतरून पुन्हा वर चढणारी रेघ मला ओळखीची वाटली. दांडीच्या नळीनळीत कुणीतरी डाख भरून ठेवला होता.

म्हणजे गाभ्यात मोठ्या प्रमाणावर वाहू लागणाऱ्या पहिल्या गोष्टींत ब्रेकच असतो. युरेनियम ऑक्साइडचं इंधन वितळायला २,८०० अंशांच्याही वर जावं लागतं. ते अजून उभं असताना दांडीचा रस ओघळून खाली जाऊन गोठलेला असतो. अशा वेळी वरून नुसतं साधं पाणी ओतलं तर? उभं इंधन आहे, न्यूट्रॉन मंदावणारं पाणी आहे आणि गिळणारा बोरॉन जागेवर नाही. साखळी पुन्हा सुरू होण्याची शक्यता मनात धरावी लागते. फुकुशिमात समुद्राचं पाणी सोडताना त्यात बोरिक आम्ल मिसळलं होतं ते यासाठी. दांडीतून निघून गेलेला बोरॉन पाण्यातून परत पाठवायचा.

आता वाफ. नळी फुटली, रस सांडला, कुठे न वितळलेलं बोरॉन कार्बाइड उघडं पडलं की त्याची गाठ गरम वाफेशी पडते. वाफेतला ऑक्सिजन बोरॉन घेतो, कार्बनही घेतो, आणि उरतो हायड्रोजन. बोरॉन कार्बाइडच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे सात-आठ रेणू. झिरकोनियमच्या एका अणूमागे दोनच. वजनावर मांडलं तर फरक आणखी ठसतो: एक किलो झिरकोनियम पूर्ण जळलं तर साधारण ४४ ग्रॅम हायड्रोजन, एक किलो बोरॉन कार्बाइड जळलं तर २५० ते २९० ग्रॅम. उष्णताही किलोमागे दुपटीच्या वर. गाभ्यात झिर्कलॉय कित्येक टन असतं आणि त्यापुढे बोरॉन कार्बाइड थोडंच, म्हणून एकूण हायड्रोजनात पहिला हात झिर्कलॉयचाच. फक्त तेवढ्यावरून 'बोरॉन कार्बाइड गौण' असं म्हणून पुढे जाणं मला पटत नाही. त्याचा खरा त्रास दुसरीकडे आहे. दांडीचा रस शेजारच्या झिर्कलॉयला लागला की त्यालाही विरघळवत नेतो. झिर्कलॉय स्वतः १,७५० अंशांच्या पुढे वितळणारं. या रसाच्या संगतीत ते फार आधी ढासळतं. आणि असा मिश्र रस वाफेत कसा ऑक्सिडाइझ होतो हे घन धातूच्या नियमांवरून काढता येत नाही.

हे नियम काय असतात ते थोडं सांगायला हवं, कारण माझं सगळं काम त्यातल्या एका भेदावर उभं आहे.

झिर्कलॉयवर ऑक्साइडचा थर धरतो. दुधावर साय धरावी तसा. साय जाड होत जाते तसं खालच्या दुधापर्यंत काही पोचायला वेळ लागतो, म्हणून वाढ मंदावते. थराची जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट जाडीला चौपट वेळ. साध्या मर्यादेत हा हिशेब चोख बसतो. बोरॉन कार्बाइडवरही थर धरतो, बोरॉन ऑक्साइडचा. पण हा थर ४५० अंशांनाच वितळतो. आबांच्या सांध्यावरचं तेच काचेचं पाणी. कमी तापमानाला ते मालावर पसरून त्याला झाकतं. तापमान वाढलं, वाफ जोरात वाहू लागली की वाफ त्या काचेशीच अभिक्रिया करते आणि ती बोरिक आम्लांच्या रूपानं उडवून नेते. खालून साय धरतेय आणि वरून कुणीतरी ती सतत काढून नेतंय, असं चित्र. काही वेळानं दोघांचा मेळ बसतो: जेवढी धरते तेवढी जाते, सायीची जाडी तीच राहते, आणि दूध एकसारखं आटत जातं. म्हणजे सुरुवातीला वर्गमुळाचा नियम आणि मग सरळ रेषेचा. ती सरळ रेषा किती तिरपी हे नुसत्या तापमानावर ठरत नाही. वाफेचा दाब किती, ती किती वेगानं वाहते, माल भुकटी आहे की भाजून घट्ट केलेली गोळी, सगळं मोजावं लागतं.

हे मोजायचं काम जर्मनीत कार्ल्सरूहच्या संशोधन केंद्रात फार निष्ठेनं झालं. तिथल्या क्वेंच प्रयोगांत २१ दांड्यांचा एक जुडगा असतो, सुमारे अडीच मीटर लांब. २० दांड्या आतून विजेनं तापवतात, मधली तापवत नाहीत. २००१ चा क्वेंच-०७ आणि २००२ चा क्वेंच-०९ या दोन प्रयोगांत त्या मधल्या जागी बोरॉन कार्बाइडची कंट्रोल रॉड ठेवली. वाफ सोडली, तापमान चढवलं, बाहेर येणारे वायू क्षणोक्षणी मोजले, शेवटी थंड केलं आणि तो जुडगा राळेत बसवून आडवे काप घेतले. त्या कापांचे फोटो मी तासन्‌तास पाहिलेत. कडेच्या दांड्यांचे गोल ओळखू येतात. मधोमध, जिथे शोषक दांडी होती, तिथे काही उंचीवर नुसता खड्डा आहे, आणि त्याच्या काठानं गोठलेला रस शेजारच्या गोलांना कुरतडत गेलेला.

हे फोटो पाहण्याआधीची माझी एक चूक सांगते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी दांडीच्या फुटण्याचं तापमान एकच आकडा म्हणून घातलं होतं, स्टील वितळतं तो. गणित सुरळीत चाललं, आलेख देखणे आले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो आकडा दोनशे अंशांनी खाली घ्यायला लावला, बाकी काहीही न बदलता. हायड्रोजनचा आलेख नुसता सरकला नाही, त्याचा आकारच बदलला. बोरॉन कार्बाइड लवकर उघडं पडलं, वाफेतला वाटा त्यानं आधी घेतला, वर पोचणारी वाफ कमी झाली, तिथल्या झिर्कलॉयची वेळ पुढे गेली. बाजूच्या खोलीत ठेवलेल्या नळीला इकडे चिमटा काढावा आणि घरभर पाण्याचा जोर बदलावा तसं. त्या दिवशी मी घरी उशिरा गेले. एका ओळीतला एक आकडा मी न तपासता लिहिला होता आणि त्याच्यावर महिनाभराचं काम रचलं होतं.

मिथेनची गोष्टही अशीच. बोरॉन कार्बाइडमधल्या कार्बनपासून मिथेन झाला तर तो इंधनातून सुटलेल्या किरणोत्सारी आयोडीनशी मिळून सेंद्रिय आयोडीन तयार होण्याचा धोका, आणि असं आयोडीन गाळण्यांत नीट अडकत नाही. कागदावर ही भीती रास्त होती. प्रयोगांत मिथेन अगदीच किरकोळ निघाला. त्या उच्च तापमानाला कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड होऊन जातो, मिथेन टिकत नाही. भीती खोटी ठरली याचा आनंद होतो तो निराळाच. कुणीतरी प्रत्यक्ष मोजून ती खोटी ठरवली म्हणून.

चांदीची दांडी मात्र माझ्या जिव्हाळ्याची आहे. दाबाखालच्या पाण्याच्या अनेक भट्ट्यांत कंट्रोल रॉडमध्ये मिश्रधातू असतो: ८० टक्के चांदी, १५ टक्के इंडियम, ५ टक्के कॅडमियम. तिघं वेगवेगळ्या ऊर्जेचे न्यूट्रॉन पकडतात, म्हणून एकत्र. हे मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "कितीची चांदी?" ऐंशीची म्हटल्यावर म्हणाले, "मग हलकीच की." थोड्या वेळानं पुन्हा, "आणि कॅडमियम कशाला घातलंय त्यात?"

त्या प्रश्नामागे माझे चुलते होते. ते कोल्हापुरात गुजरीत सोन्याचं काम करायचे. एके काळी सोन्याच्या डाखात कॅडमियम सर्रास असे. गिऱ्हाइकाला 'केडीएम' म्हणून अभिमानानं विकलं जाई. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं, म्हणजे ज्योतीखाली त्याचा धूर होणारच, आणि तो धूर कारागिराच्या छातीत जाणार. चुलते रात्री उठून बसायचे. खोकला घराला इतका सवयीचा झाला होता की तो थांबला की काकू जाग्या व्हायच्या. डॉक्टरांनी कारण एकच सांगितलं नाही, विड्याही होत्याच. पण आबांनी त्यानंतर घरात कॅडमियमचा डाख येऊ दिला नाही.

भट्टीतल्या दांडीतही कॅडमियम तसंच वागतं. मिश्रधातू ८०० अंशांच्या आसपास वितळतो, पण बाहेरची स्टीलची नळी अजून घट्ट असते. आत कॅडमियमची वाफ दाब वाढवत राहते. नळी तापून मऊ पडते, बाहेरच्या झिर्कलॉयच्या नळीला कुठे टेकली तर तिथे पुन्हा तीच दोघांची संगत, आणि १,२०० अंशांच्या पुढे कधीतरी ती फुटते. रस शेजाऱ्यांवर उडतो, धूर वाफेबरोबर निघतो. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या भट्टीत २८ मार्च १९७९ ला जवळजवळ अर्धा गाभा वितळला, तिथल्या कंट्रोल रॉड याच चांदीच्या होत्या. आत कॅमेरा सोडता आला तो १९८२ मध्ये, आणि गाभ्याच्या वरच्या भागात दीडेक मीटरची पोकळी दिसली.

पण याच चांदीची दुसरी बाजू फ्रान्समध्ये कादाराशला उघड झाली. फेबुस नावाच्या प्रयोग-भट्टीत १९९३ पासून २००४ पर्यंत खऱ्या इंधनाचे छोटे जुडगे वितळवून त्यातून काय काय बाहेर पडतं ते पाहिलं. चांदीची दांडी असलेल्या पहिल्या प्रयोगांत तळाच्या पाण्यात उतरलेल्या चांदीनं आयोडीन धरून ठेवलं. सिल्व्हर आयोडाइड पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते आयोडीन पुन्हा हवेत उठलं नाही. २००४ च्या एफपीटी-३ या प्रयोगात चांदीऐवजी बोरॉन कार्बाइड ठेवलं, आणि आयोडीनचा बराच मोठा वाटा वायुरूपात सापडला. बोरिक आम्लाची वाफ सीझियमला आपल्याकडे ओढते, मग आयोडीनला जोडीदार उरत नाही, असा त्याचा एक अर्थ लावतात. थायरॉइडला धोका असतो तो याच आयोडीनचा. दांडीत काय भरलंय यावर, दांडीचं मूळ काम संपल्यावर कित्येक तासांनी, भट्टीबाहेरच्या माणसाच्या श्वासातलं काहीतरी ठरतं. हे कळल्यापासून मला माझा कोपरा लहान वाटत नाही.

आपल्याकडेही हा सगळा माल आहेच. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या, उकळत्या पाण्याच्या, फुकुशिमाच्याच कुळातल्या, म्हणून बोरॉन कार्बाइडच्या. जड पाण्याच्या भट्ट्यांचा स्वभाव वेगळा, तिथे बंद करणाऱ्या दांड्यांत स्टीलच्या मध्ये कॅडमियम. प्रत्येकीचं गणित वेगळं मांडावं लागतं. युरोपात जुळवलेला आकडा इथे उचलून चिकटवता येत नाही. हे मी बैठकींत इतक्यांदा म्हणते की लोकांना पाठ झालंय, आणि तरीही पुढच्या बैठकीत म्हणणार आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये फुकुशिमाच्या दुसऱ्या भट्टीतून वितळून गोठलेल्या मालाचा पहिला कण बाहेर काढला. लांबलचक नळीच्या टोकाला चिमटा लावून, साडेतेरा वर्षांनी. वजन ०.७ ग्रॅम. तीन भट्ट्यांत मिळून असा माल ८८० टनांच्या आसपास आहे असा अंदाज आहे. इंधन, झिर्कलॉय, स्टील आणि दांड्यांतला बोरॉन त्यात एकमेकांत कसे मिसळलेत, बोरॉन कुठे साचला आणि कुठून निघून गेला, हे अशा कणांनीच कळणार. आमची समीकरणं त्याच्यासमोर उभी करायची आहेत.

दिवाळी होऊन गेल्यावर मी हुपरीला गेले होते तेव्हा हे आबांना सांगितलं. त्यांचे हात आता कापतात, ज्योत भाऊ धरतो. ०.७ ग्रॅम म्हणजे किती, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पावणेसहा गुंजा. आबांनी कपाटातून पत्र्याची जुनी डबी काढली. आत लाल-काळ्या गुंजा होत्या, आजोबांच्या वेळच्या. सहा मोजून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवल्या, क्षणभर बघितलं, मग त्यातली एक उचलून डबीत टाकली आणि तिच्याऐवजी जरा लहानशी शोधू लागले.